भोगवटादार

शनिवारी सकाळी लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. ताईने ती ओळखली, पण तिचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. एक पाय वर, दुसरा त्याच पायरीवर, मग दम, मग पुढची पायरी. दादा. गुडघ्यांचं निमित्त सांगून सहा वर्षं हा जिना टाळणारा तिचा पाठचा भाऊ आज चढून येत होता.

तिने खुर्चीवरच्या फायली उचलून पलंगावर टाकल्या. खोलीत खुर्ची एकच होती. दुसरी लागेल असा प्रसंगच आला नव्हता.

"काय उभा जिना बांधलाय," दादा दारातूनच म्हणाला.

"तूच बांधलास."

"हो? तेव्हा गुडघे होते."

तो बसला. खाली कारखान्याचं ऑफिस, त्यामागे कुकरच्या रबरी रिंगा दाबून काढणाऱ्या चार प्रेस आणि अगदी मागे बॉयलर. त्यामुळे सकाळी आठनंतर खोलीची फरशी पायांना कोमट लागायची. रबराचा वास भिंतींत मुरला होता. ताईला तो कधीच येत नसे. दादाने मात्र रुमाल नाकाशी नेला आणि ती बघतेय म्हटल्यावर त्याच रुमालाने उगाच कपाळ पुसलं.

"जेवलीस?"

"साडेनऊ वाजलेत, दादा."

"नाही, म्हणजे चहा वगैरे."

नमनालाच घडाभर तेल जाणार हे ओळखून ताईने चहा ठेवला. तो कशासाठी आलाय हे तिला ठाऊक होतं. काल संध्याकाळी दादाच्या मुलाने घरातल्या सगळ्यांना फोनवर निरोप धाडला होता. तो पोरगा इंजिनिअर, आणि सध्या नव्या कारखान्याचे कागद जुळवत होता. निरोप असा: 'जुना परवाना आत्याच्या नावावर आहे. नवीन भोगवटादार तिनेच नेमून द्यायचा असतो. तिच्या सहीशिवाय अर्ज जाणार नाही.'

जुना कारखाना आता वस्तीच्या मधोमध अडकला होता. धुराच्या तक्रारी येऊन येऊन शेवटी शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत भूखंड घेतला, शेड उभी केली. अग्निशमनवाल्यांचा दाखला, प्रदूषणवाल्यांची संमती, बॉयलरची नोंदणी, वाढीव विजेची मंजुरी, सगळं झालं होतं. झालं होतं म्हणजे ताईने केलं होतं, पायांनी, वर्षभर. उरला होता तो कारखान्याच्या नोंदणीचा अर्ज, आणि तो सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत गेला नाही तर भूखंड परत. दोनदा मुदत वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती.

त्या अर्जाचा पहिलाच प्रश्न, भोगवटादार कोण? कारखान्यात काहीही बरंवाईट झालं तर कायदा ज्याची मान धरतो, तो माणूस.

"ताई, पण तुझं नाव त्यावर कसं काय गं?" दादाने बशीत चहा ओतत विचारलं.

"तुम्ही दोघांनी घातलंत."

"आम्ही?"

"वडील गेले त्या वर्षी. तू म्हणालास शिट्टीचं नाव चालणार नाही, तो म्हणाला तुझं चालणार नाही. तीन आठवडे एकमेकांशी बोलत नव्हतात. परवान्याची मुदत संपत आली, तेव्हा म्हणालात ताईचं टाका तात्पुरतं."

शिट्टी म्हणजे धाकटा भाऊ. जरा तापला की वाजतो, म्हणून लहानपणीच पडलेलं नाव. सत्तावन्नाव्या वर्षीही त्याचा त्यावर आक्षेप होता आणि सत्तावन्नाव्या वर्षीही तो ते दर आठवड्याला खरं करून दाखवत होता.

"बावीस वर्षं झाली त्याला," दादा म्हणाला.

"बावीस."

"मग आम्हाला कळलं कसं नाही?"

ताई हसली. कळणार कसं? या घरात कागद वाचायची पद्धतच नव्हती. ताई कागद आणायची, सही करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुली काढायची आणि दोघे भाऊ त्या फुलीवर सही ठोकून जेवायला बसायचे. वर काय लिहिलंय ते ताईने बघायचं. तिच्यावर सगळ्यांचा फार विश्वास होता.

दादाने बशी खाली ठेवली. "आता बघ, नवी जागा म्हणजे नव्या पिढीचं काम. पोराचं नाव घाल. तुझ्याच मांडीवर वाढलंय ना ते." तो थांबला, खोलीभर बघू लागला. "आणि ही जागा विकली की तूही आमच्याकडेच ये. वरची खोली रिकामी पडलीय. ऊन छान येतं. इथे एकटीने काय करायचंय?"

जागा विकायचं ठरून वर्ष झालं होतं. वर्षभरात ताई कुठे राहणार, हा विषय कुणी काढला नव्हता. तिने स्वतःही काढला नव्हता, कारण आपणहून विचारलं तर उत्तर देणं त्यांना भाग पडलं असतं, आणि तसलं भाग पाडून घेतलेलं उत्तर तिला नको होतं.

"बघते," ती म्हणाली.

तो गेल्यावर ती बराच वेळ त्या खुर्चीकडे बघत बसली. मग पलंगावरच्या फायलींतून नियमांचं पुस्तक काढलं, नुसतं हातात धरायला. तो नियम तिला पाठ होता. कारखाना एकट्याच्या मालकीचा असेल तर जुन्या भोगवटादाराने नवा नेमायचा. भागीदारीचा असेल तर भागीदारांनी. नेमणारे तेच, काढणारेही तेच. या कारखान्याचे भागीदार दोन, दादा आणि शिट्टी. ताई भागीदार कधीच नव्हती. तिची सही कुठेच लागत नव्हती. पोराने घाईत वरचं वाक्य वाचलं, खालचं वाचलं नाही.

हे सांगायला तिला एक मिनिट लागलं असतं. पण जिन्यावरून सहा वर्षांनी दादा आला होता, आणि दुपारी आणखी कुणीतरी येईल असं तिचं मन तिला सांगत होतं.

*

धाकटी जिना चढताना मनाशी वाक्यं जुळवत होती. शिट्टीशी लग्न होऊन तीस वर्षं झाली होती आणि या तीस वर्षांत ती नणंदेच्या खोलीत दोनदा आली होती, त्यातही एकदा चुकून.

"हे म्हणाले, ताईंना जरा भेटून ये. बरेच दिवस झाले," तिने बिस्किटांचा पुडा पुढे करत म्हटलं, आणि स्वतःलाच ते इतकं खोटं वाटलं की ती लाल झाली.

"बस गं. खुर्चीवर बस." ताई पलंगाच्या कडेला टेकली. "तो बरा आहे?"

"दादाभावजी सकाळी येऊन गेले म्हणून कळल्यापासून वाजतायत."

दोघीही हसल्या. धाकटीला जरा मोकळं वाटलं. तिने खोली पाहिली. पलंग, शेगडी, दोऱ्यांनी बांधलेल्या फायलींचं कपाट. बाकी काही नाही. एखादा फोटो, एखादं शोभेचं काही, कुणी दिलेली एखादी भेटवस्तूसुद्धा नाही. आपण ताईंना कधी काही दिलंय का, हे आठवायचा तिने प्रयत्न केला.

"एवढ्या फायली?"

"बघ ना, बघ." ताईच्या आवाजात एकदम उत्साह आला, लहान मूल खेळणी दाखवतं तसा. "एकेका परवान्याची एकेक."

फायलींवर परवान्याचं नाव बारीक होतं. त्याखाली ठळक अक्षरांत भलतंच काही. 'वजनमापवाले: अकराच्या आधी जाऊ नये, साहेबांचा चहा व्हायचा असतो.' 'बॉयलर: आधी मुलीच्या परीक्षेची चौकशी करावी.' 'वीज: खिडकी क्रमांक तीन. क्रमांक दोनचा माणूस उगाच फिरवतो.'

"मुलीची परीक्षा?" धाकटी हसू लागली.

"तिला आता दोन मुलं आहेत. बॉयलरवाले साहेब निवृत्त झाले, जाताना मला मुद्दाम भेटून गेले. म्हणाले, बाई, तुमच्यासारखा अर्ज कुणाचा नसतो, एक रकाना कधी रिकामा नाही." ताईने फाईल परत दोरीने बांधली. "आता सगळं संगणकावर. खिडक्याच काढून टाकल्यात. गेल्या महिन्यात गेले तर तिथे नुसती भिंत. कुणाला काय विचारणार?"

धाकटीने खालची एक जाड फाईल ओढली. तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"ही कसली?"

"ती कोर्टाची."

प्रेसमध्ये कामगाराची तीन बोटं गेली होती ती गोष्ट धाकटीला आठवत होती. कोर्टकचेरी झाली होती तेही आठवत होतं. "पण वकील दिला होता ना यांनी?"

"वकील होता. पण आरोपी म्हणून भोगवटादाराने उभं राहायचं असतं. अकरा तारखा झाल्या. तीन वर्षं."

"आणि बरोबर कोण होतं तुमच्या?"

"कुणी नाही. शिट्टीला वाटायचं दादा आला असेल, दादाला वाटायचं शिट्टी गेला असेल. दोघे बोलत नव्हते ना, मग विचारणार कसं?" ताई हे अगदी सहज सांगत होती. "शेवटी दंड झाला, आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद."

"कैद?"

"घाबरू नकोस. त्या दिवशी कोर्टाचं काम संपेपर्यंत तिथेच बसायचं, हलायचं नाही. एवढीच शिक्षा. मला वकिलाने आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून डबा नेला होता. मागच्या बाकावर बसले. साडेपाचला न्यायाधीश उठले, मग मीही उठले. परतताना तुमच्याकडे डोकावले तर पाहुणे होते. शिट्टी म्हणाला, बरं झालं आलीस, जरा चहाचं बघ."

धाकटीला तो दिवस आठवला. म्हणजे पाहुणे आठवले. त्यांनी चहाचं कौतुक केलं होतं, तेही आठवलं. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसरीच्या वाट्याला हे आलं होतं, आणि आपण एकाच घरातल्या असून आपल्याला त्याचा पत्ता नव्हता.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही आमच्याकडे या. लेकीचं लग्न झाल्यापासून तिची खोली तशीच आहे. मला तरी घरात कोण बोलायला आहे? हे वाजतात तेवढंच."

हे वाक्य तिने जिन्यावर जुळवलेलंच होतं. पण जिन्यावर ते खोटं होतं आणि आता बोलताना निम्मं तरी खरं झालं होतं. ताईने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"आणि नाव कुणाचं घालू?" ताईने हळूच विचारलं.

धाकटीने मान खाली घातली. "हे म्हणतात, रोजचा कारखाना मी चालवतो, तर नाव माझं हवं."

"बघते," ताई म्हणाली.

जिना उतरेपर्यंत धाकटीच्या हातातला फोन वाजू लागला. "काय म्हणाली?" नवऱ्याने विचारलं.

"बघते म्हणाल्या." तिला कोर्टाचं सांगायचं होतं.

"दादालाही तेच म्हणाली असेल. उद्या पुन्हा जा."

"जाईन," ती म्हणाली. कोर्टाचं राहून गेलं.

*

रविवारी पुतण्या लॅपटॉप घेऊन आला. त्याला आत्याची सही हवी होती, पण त्याहून जास्त तिचं डोकं हवं होतं. अर्जात चौऱ्याहत्तर प्रश्न होते आणि त्यातल्या निम्म्यांचा अर्थ त्याला लागत नव्हता.

"कामगारांची कमाल संख्या. किती टाकू? आत्ता अठ्ठावीस आहेत."

"चाळीस टाक. पुढे माणसं वाढली की पुन्हा सगळं नव्याने करावं लागतं. पण पन्नासच्या वर जाऊ नकोस, मग नियम बदलतात."

"गंधकाचा साठा?"

"महिन्याचा लिहितात सगळे आणि तिथेच घोडं पेंड खातं. ते एका वेळचा विचारतात, महिन्याचा नाही. दोन पोती लिही."

दुपारपर्यंत सत्तर प्रश्न झाले. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत त्याला कुणी इतकं सरळ शिकवलं नव्हतं. आत्याचा चेहरा आज वेगळाच दिसत होता, गालांवर रंग आला होता. मधेच काका येऊन गेले, पाठोपाठ काकू डबा घेऊन आली, मग बाबा पुन्हा. प्रत्येक जण आत्याच्या तब्येतीची चौकशी करत होता. तिला गेल्या कैक वर्षांत झालं नसेल एवढं पडसं लोकांनी एका दिवसात विचारून घेतलं.

"आत्या, तुझी चंगळ आहे बुवा," तो म्हणाला.

"आहे खरी. बस, चहा टाकते. अजून एक दाखवशील का? नव्या शेडचा नकाशा. मंजुरीला गेला तेव्हा मी घाईत बघितला होता."

त्याने नकाशा उघडला. तो त्याने स्वतः काढला होता आणि त्याला त्याचा अभिमान होता. आत्या बोट फिरवत सगळं वाचू लागली. प्रेस विभाग. बॉयलर. प्रथमोपचार खोली. जेवणघर. कपडे बदलायची जागा. फाटकाशी रखवालदाराची केबिन, तिला खिडकी. ऑफिस.

"छान काढलास. नियमाप्रमाणे सगळं आहे," ती म्हणाली. बोट ऑफिसवर थांबलं. "आणि याच्यावर?"

"वर पत्रा, आत्या."

"पत्राच?"

"मजला घेतला तर वेगळी परवानगी लागते ना. शिवाय कशाला? वर काय ठेवणार?"

"ते खरं," आत्या म्हणाली आणि शेगडीकडे वळली.

चहा उतू गेला. आत्याच्या हातून चहा उतू गेलेला त्याने कधी पाहिला नव्हता. काहीतरी चुकलं असं त्याला वाटलं आणि त्याने नकाशा पुन्हा नीट तपासला. पण मापं सगळी बरोबर होती.

*

सोमवारी चार वाजता सगळे खालच्या ऑफिसात जमले. प्रेस बंद ठेवल्या होत्या, त्यामुळे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येत होती. पुतण्याने लॅपटॉप मधल्या टेबलावर ठेवला. दादा आणि शिट्टी समोरासमोर, धाकटी दाराशी, ताई कपाटाजवळच्या स्टुलावर.

"सगळं भरलंय," पुतण्या म्हणाला. "फक्त नेमणूक राहिलीय. आत्या, कुणाचं नाव?"

"त्यात विचारायचं काय?" शिट्टी लगेच तापला. "बावीस वर्षं या प्रेसच्या वाफेत मी उभा आहे. हा काल आला आणि भोगवटादार?"

"तुझ्या वाफेत तीन बोटं गेली," दादा म्हणाला.

"माझ्या? त्या दिवशी सुट्टी कुणी दिली होती फोरमनला?"

"बाबा, काका, प्लीज. पाच वाजता साइट बंद होते."

"ताई, तू सांग," शिट्टी तिच्याकडे वळला. आवाज मऊ झाला. "परवा ही तुला काय म्हणाली? लेकीची खोली तुझीच."

"म्हणजे तूही?" दादा उखडला. "वरची खोली मी आधी दिलीय तिला. शनिवारी सकाळीच."

दोन दिवसांत ताईला दोन घरं मिळाली होती. आणखी तासभर ती गप्प राहिली असती तर कदाचित एकात ती खरोखर गेलीही असती, बॅग घेऊन, आणि सही झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात चहाचं बघू लागली असती. ती घरं खरी आहेत का, हे कळायला एकच मार्ग होता. त्याची तिला मनापासून भीती वाटत होती. पण दिलेलं घर सहीला दिलंय की तिला, हे न कळता उरलेली वर्षं काढायची तिला त्याहून जास्त भीती वाटली.

"माझी सही लागत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"लागतच नाही. हा एकट्या मालकाचा नियम वाचत होता. आपली भागीदारी आहे. तुम्ही दोघांनी एका कागदावर लिहून दिलं की झालं. मला नेमलंत तुम्ही, काढायचंही तुम्हीच. पान एक्केचाळीस, खालचा परिच्छेद."

पुतण्याने भराभर शोधलं, वाचलं, आणि त्याचे कान लाल झाले. "बरोबर आहे."

"तुला माहीत होतं?" दादाने विचारलं.

"हो."

"शनिवारीच?"

"बावीस वर्षांपासून."

"आणि मी गुडघे फोडत दोनदा तुझा जिना चढलो! गंमत बघत होतीस आमची?"

"गंमत नाही रे," ताई म्हणाली. "बरं वाटत होतं. तुम्ही येत होतात. मला एकटीला फार कंटाळा येतो वर, दादा. फार येतो. हे मी आजवर कधी बोलले नाही. कुणी आलंच नाही तर बोलणार कुणाशी?"

कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं. धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. पण शिट्टीला वर्मी लागलं होतं ते वेगळंच. दोन दिवस बायकोला बिस्किटं घेऊन पळवलं, स्वतः गोड गोड बोलला, आणि ते सगळं फुकट गेलं.

"हे बरं नाही केलंस, ताई," तो म्हणाला. "कामाच्या गोष्टीत असले खेळ करायचे नसतात. भूखंड गेला असता म्हणजे?"

"तेच म्हणतो मी," दादा म्हणाला.

बावीस वर्षांत दादाने शिट्टीच्या वाक्याला 'तेच म्हणतो मी' म्हटलं नव्हतं. ते म्हटलं आणि पुढचं सगळं कसं घसरगुंडीवरून गेल्यासारखं झालं. भोगवटादार पोरगा. व्यवस्थापक म्हणून शिट्टीचं नाव. पाच मिनिटांत ठरलं. ज्यावर वडील गेल्यापासून घर फुटलं होतं, ते पाच मिनिटांत ठरलं, आणि दोघे भाऊ शेजारी शेजारी वाकून एकाच कागदावर सह्या करू लागले. सुंठीवाचून खोकला गेला. आपल्यावरच्या रागाने का होईना, हे दोघे एका बाजूला बसले, याचा ताईला खरोखर आनंद झाला. आणि मग तो आनंद ओसरला, कारण ती वाट बघत होती. सह्या झाल्या, दादाने पेन खिशाला लावलं, शिट्टी फोनवर कुणाला तरी झालं झालं म्हणून सांगू लागला. वरच्या खोलीचं नाव दादाने काढलं नाही. लेकीच्या खोलीचं शिट्टीने काढलं नाही.

गरज सरो वैद्य मरो, असं वडील म्हणायचे. पण ते गिऱ्हाइकांबद्दल.

"कागद चढवला," पुतण्या म्हणाला. "आता पाठवतो... थांबा. हे काय आलं?"

"काय झालं?"

"जुन्या भोगवटादाराचा पत्ता मागतंय. निघाल्यानंतर तीन वर्षं कामगारांचे दावे येऊ शकतात, त्यांच्या नोटिसा तिच्या नावाने जाणार. राहता पत्ता हवाय." त्याने टाइप केलं आणि लॅपटॉप टुंग करून वाजला. "इथला घेत नाही. ही जागा आपण सोडतोय ना."

"मग सोड तो रकाना," शिट्टी म्हणाला.

"रिकामा घेत नाही, काका. पुढेच जाऊ देत नाही."

"काहीतरी टाक रे."

"काहीतरी म्हणजे काय? घराचा दाखला जोडायचाय. ज्याचं घर त्याची संमती." त्याने मान वर केली. कालचा नकाशा, आणि त्यावरून फिरताना ऑफिसवर थांबलेलं बोट, त्याच्या आत्ता ध्यानात आलं. तो स्वतः परगावी दोन मित्रांबरोबर भाड्याच्या एका खोलीत राहत होता. "बाबा?"

दादा चष्मा काढून काच पुसू लागला. "तसं म्हणजे... तुझ्या आईला एकदा विचारायला हवं."

"तू आधी दिली होतीस ना खोली? शनिवारी सकाळीच," शिट्टी म्हणाला.

"तूही दिली होतीस."

"मी देतोच आहे. पण कोर्टाच्या नोटिसा माझ्या दारावर म्हणजे... लेकीच्या सासरचे येतात-जातात."

दाराशी उभ्या धाकटीने तोंड उघडलं. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने ते मिटलं आणि स्वतःच्या बोटांशी चाळा करत ती जमिनीकडे बघू लागली. तीस वर्षांची सवय एका दुपारी जात नाही.

पुतण्याने लॅपटॉप ताईकडे वळवला. चौऱ्याहत्तर प्रश्नांची उत्तरं भरलेली होती. त्याखाली एक पांढरी चौकट.

"आत्या, कुणाचा पत्ता टाकू?"

ताईने चौकटीकडे बघितलं. या घराचा कुठलाही अर्ज असा अडला की सगळे तिच्याकडे बघत, आणि ती काहीतरी वाट काढे. आत्ताही ते चौघे तिच्याकडेच बघत होते. वाट तिला ठाऊक होती. एखाद्या वसतिगृहाचा पत्ता, एखाद्या वृद्धाश्रमाचा, वकिलाच्या मार्फत असंसुद्धा चाललं असतं.

तिने लॅपटॉप हळूच पुतण्याकडे परत फिरवला.

"तुमचे सगळे रकाने मी भरले," ती म्हणाली. "हा एक माझा आहे. तो तुम्ही भरा."

पाच वाजायला पस्तीस मिनिटं होती.